शाडूचा घन, तंगूस आणि सहा बाजूंचा छेद

घन कापून नियमित षटकोन येतो हे वहीत पटत नाही. तो हातानं कापावाच. बटाटा ओला, सुरी त्यात वाकते, साबण फुटतो. शाडू सगळ्यांत बरी, आणि कोल्हापुरात बापट कॅम्पातल्या कुंभारांकडं ती सहज मिळते. कणकेपेक्षा घट्ट मळा, 6 सेंमी बाजूचा घन करा आणि त्याच दिवशी कापा. वाळताना माती आक्रसते, मापं बिघडतात.

घनाच्या आरपार समोरासमोरचे दोन कोपरे निवडा. घनाच्या 12 कडांपैकी त्या कोपऱ्यांना न लागणाऱ्या सहाच उरतात. त्यांचे मध्यबिंदू खिळ्यानं जोडत जा: प्रत्येक पृष्ठावर एकच रेघ, कडेशी 45 अंशांत. मग तंगूस (नायलॉनचा बारीक दोरा) ताणून वरच्या रेघेवर ठेवा आणि दोन्ही हात एकाच वेळी, रेघांवरून खाली ओढा. एक हात पुढं गेला की पृष्ठ पिळवटतं, छेद सपाट राहत नाही.

प्रत्येक बाजू 4.24 सेंमी यायला हवी. एकाआड एक 5.5 आणि 3.0 आल्या, तर तिरकेपणा बरोबर आहे, फक्त छेद त्या दोन कोपऱ्यांना जोडणाऱ्या कर्णावर अर्धा सेंमी सरकलाय. कोनच 120 अंशांचे नसतील तर चूक तिरकेपणात. नियमित पंचकोनाच्या मागं मात्र लागू नका. पाच पृष्ठं कापली की त्यांत समांतर जोड्या येणारच, आणि नियमित पंचकोनाला समांतर बाजू नसतात.

आता शंकू: तळाचा व्यास 8, उंची 8 सेंमी. (गुळाचा रवा, म्हणजे ढेपही, टोक कापलेला शंकूच, पण त्यावर विळा चालवलात तर छेद नाही, ढेकळं मिळतील.) छेद अक्षाला निम्म्या उंचीवर भेटेल असा, तळाशी 30 अंशांत कापा. खाली शंकू रुंद, म्हणून अंड्याचा आकार येईल असं वाटतं. जर्मन चित्रकार ड्यूररनंही 1525 मध्ये तसाच काढला होता. येतं ते साधारण 5.0 × 4.2 सेंमीचं लंबवर्तुळ. कागदावर छापून आडवं-उभं दुमडा, जुळतं. शंकूचा अक्ष त्याच्या केंद्रातून न जाता 7 मिमी वरच्या टोकाकडं जातो, फसगत तिथंच होते.

अन्वस्ताला (पॅराबोलाला) छेद समोरच्या उताराला समांतर, म्हणजे तळाशी 63.4 अंशांत हवा. पुठ्ठ्याचा कोन कापून टेकवा, नजरेवर भरवसा नको. शेंड्यापासून उतारावर 4 सेंमीवर सुरुवात करा. वक्राच्या टोकापासून 1 सेंमीवर रुंदी 3.6 येते, 4 सेंमीवर बरोबर दुप्पट. दुपटीहून जास्त आली तर अपास्त (हायपरबोला) झालाय, कमी आली तर लंबवर्तुळ.