आमची वाटचाल : हौसिंगवाले, उद्यमनगर, कोल्हापूर

उद्यमनगरात 1997 मध्ये शेड टाकलं तेव्हा बोर्डवर ‘हौसिंग व गिअरबॉक्सचे काम’ एवढंच लिहिलं होतं. हौसिंग म्हणजे गाडीच्या दोन चाकांमधला एक्सलचा डबा, चाकं फिरवणारे गिअर त्याच्या आत असतात. जागा भाड्याची, प्रेस जुना, आणि भागीदार म्हणजे आमचे मेस्त्री. मेस्त्रींची उमेदीची वर्षं फौंड्रीच्या मशीन शॉपमध्ये बोअरिंग करण्यात गेलेली, त्यामुळं थाऊचा (इंचाच्या हजाराव्या भागाचा) हिशोब त्यांच्या बोटांत. शिम, म्हणजे पत्र्याची पातळ चकती, चिमटीत धरून आकडा सांगायचे आणि मायक्रोमीटर बहुतेक वेळा त्यांचीच री ओढायचा. त्यांचा डायल गेज अजून आमच्याकडं आहे. काच तडकलीय, काटा शाबूत. मॅग्नेट बेस तेवढा नवा घेतला. बेस हलला की बॅकलॅश, म्हणजे दातांमधला खेळ, खोटा येतो आणि शिव्या मात्र गिअरला बसतात.

पुढची बरीच वर्षं काम येत गेलं, होत गेलं. ट्रॅक्स, जीप, पिकअप. त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते 2016 चं.

तेव्हा फोर बाय फोर गाड्यांना मोठे टायर घालायचं खूळ कोल्हापुरात जोरात होतं. 33 इंची टायर घातला की गाडी चढाला मरते, क्लच जळतो. मग क्राउन-पिनियन, म्हणजे हौसिंगमधली मोठ्या-छोट्या गिअरची जोडी, बदलून रेशो वाढवायचा. हे काम आम्ही पुढच्या-मागच्या दोन्ही हौसिंगला एकदमच करतो. नुसतं मागचं बदलून फोर बाय फोर टाकणाऱ्यानं ट्रान्स्फर केसचे (पुढं-मागं ताकद वाटणाऱ्या डब्याचे) पैसेही बाजूला काढून ठेवावेत.

अशीच एक गाडी करून दिली. नवीन बेअरिंग, नवीन सील, बॅकलॅश 7 थाऊ, दातांना ब्लू रंग लावून बघितलेली दोन्ही बाजूंची छाप दाताच्या मधोमध. मालकाला सांगितलं, पहिल्या दिवशी वीसेक किलोमीटर हळू चालवायची, मग हौसिंग गार होईस्तोवर उभी ठेवायची, असं दोन-तीनदा. 800 किलोमीटरला तेल बदलायचं, तोवर ट्रॉली ओढायची नाही. गाडी गेली. काही आठवड्यांनी हायवेवरच्या एका मोठ्या गॅरेजवाल्यानं गावभर केलं, ‘उद्यमनगरात गिअर टाकले, हौसिंग एवढं तापतंय की हात लागत नाही आणि गाडी कुत्र्यासारखी रडतीया.’

त्या गॅरेजचं नाव मी लिहिणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

गाडी परत आमच्याकडं यायला वेळ लागला, कारण मालकाला तिथं ‘पूर्ण सेट बदला’ म्हणून कोटेशन मिळालं होतं. तोवर ऑफरोडवाली पोरं बंद झाली. हाताखालचा चांगला पोरगा सोडून गेला, तोही त्याच गॅरेजला. शेडचं भाडं थकलं. मेस्त्री घरी जाताना काही बोलायचे नाहीत, ते जास्त लागायचं.

शेवटी गाडी आली. आधी मी चालवली. आवाजाचं असं असतं, की दाताची बैठक चुकली तर गाडी सहसा एकाच बाजूनं ओरडते. पाय दाबल्यावर ओरडून पाय उचलल्यावर गप्प, नाहीतर त्याच्या उलट. वळणातच खडखडली तर स्पायडर गिअर किंवा चाकाची बेअरिंग बघा. ही गाडी पाय दाबला तरी आणि उचलला तरी सारखीच घरघरत होती. म्हणजे बेअरिंग. टेम्परेचर गन लावली तर हौसिंगच्या दोन्हीकडच्या नळ्या कोमट, मागचं कव्हर ठीक, आणि पिनियनच्या नाकाशी 130 अंशांच्या वर. सगळी उष्णता एकाच जागी.

मग नटाकडं बघितलं. आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक पिनियनवर मेस्त्री सेंटर पंचनं दोन ठिपके मारतात, एक नटावर, एक पिनियनच्या टोकावर, समोरासमोर. इथं नटावरचा ठिपका जवळजवळ एक पैलू पुढं गेलेला. मालकाला विचारलं तर म्हणाला, मध्ये सील गळत होतं, ‘तिकडं’ बदलून घेतलं. सील बदलायला हा नट काढावाच लागतो.

जुन्या जीपच्या हौसिंगला पिनियनचा प्रीलोड, म्हणजे बेअरिंगवर आधीच ठेवलेला दाब, शिमवर ठरतो, तिथं नट चुकून जास्त आवळला तरी निभावतं. या गाडीत क्रश स्लीव्ह, म्हणजे नट आवळला की दबणारी नळी. ती एकदा दबली की दबली, नट मागं घेऊन उपयोग नाही, नवीनच टाकावी लागते. तिथं एअर गन लावली की क्षणात खेळ खलास. पिनियन फिरवायला लागणारा जोर आम्ही नवीन बेअरिंगला 20 ते 30 इंच-पौंड ठेवतो, जुनीच बसवली तर निम्मं. कॅरिअर बाहेर काढून काट्याच्या टॉर्क रेंचनं पिनियन फिरवला, काटा 60 च्या टोकाला जाऊन टेकला. बेअरिंग काढलं तर रोलर पिवळट, कडेला निळे. दात? जसे दिले तसे.

बेअरिंग आणि स्लीव्ह बदलली, तोच सेट परत बसवला. गाडी आजही त्याच दातांवर पळते. पण ही गोष्ट गावभर कुणी केली नाही.

त्या दिवसांत आम्हाला तारलं ते गगनबावड्याकडच्या मामांनी. त्यांची जुनी जीप, 43-8 ची, म्हणजे क्राउनला 43 दात, पिनियनला 8, रेशो 5.38. हायवेला साठ गाठायचं म्हणजे इंजिनाचा जीव जायचा. त्यांना 39-8 चा सेट हवा होता. म्हणाले, ‘लोक काय बी बोलूद्यात, तुम्ही दोन्ही हौसिंग उतरवा,’ आणि सगळे पैसे आधी मोजून ठेवले. काम झाल्यावर करूळ घाट उतरलो, चढलो, वर येऊन टेम्परेचर गन लावली, पुढचं-मागचं दोन्ही शंभरच्या आत. मामा हौसिंगवर हात ठेवायला गेले, मी धरला म्हणून बरं. नव्वदलाही कातडी निघते.

मामांसारख्या पाण्यातून गाडी घालणाऱ्यांना एक सांगतो. ब्रीदर, म्हणजे हौसिंगची हवा जायची-यायची वाट, बघत जावा. चिखलानं तो बंद झाला की तापलेलं हौसिंग आतल्या हवेनं सील ढकलतं, आणि तेच हौसिंग ओढ्याच्या गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते, सीलमधून पाणी ओढते. तेल दुधासारखं पांढरं दिसलं तर गाडी चालवत गॅरेजला आणू नका, ओढून आणा. आणि मोठा टायर घालायच्या आधी आम्हाला एक फोन करा, रेशोचा हिशोब फुकट सांगतो.

मेस्त्री आता रोज येत नाहीत, पण छाप बघायला त्यांना बोलावतोच. ते हायवेवरचं गॅरेजही क्रश स्लीव्हचं काम हल्ली आमच्याकडंच पाठवतं. मालक स्वतः येत नाही, पोराच्या हाती पिनियन पाठवतो. आम्ही करून देतो, ठिपके मारतो, वरून पिवळा रंग लावतो, त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवतो. आणि बिल रोख घेतो.