तुम्ही विचारलंत म्हणून: शेवट ठाऊक असलेली प्रेमकथा

ॲलिसन सॅफ्ट यांची ‘विंग्ज ऑफ स्टारलाइट’ ही २०२५ साली प्रसिद्ध झालेली, किशोर आणि तरुण वाचकांसाठीची कादंबरी मला फार आवडते असे मी सांगितले की, पुढचा प्रश्न ठरलेला असतो. टिंकर बेल नावाच्या परीवरच्या डिस्नेच्या चित्रपटमालिकेत ज्या प्रेमाचा शेवट आपण लहानपणीच पाहिला, ते प्रेम पुस्तकभर पुन्हा कशासाठी वाचायचे?

ज्यांना चित्रपट आठवत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. २०१२ च्या ‘सीक्रेट ऑफ द विंग्ज’मध्ये टिंकर बेलला हिवाळी अरण्यात पेरीविंकल नावाची बहीण सापडते. दोघींचा जन्म एकाच बाळाच्या पहिल्या हसण्यातून झालेला असतो; पण उबदार ऋतूंच्या आणि हिवाळ्याच्या पऱ्यांनी एकमेकांची सीमा ओलांडायची नाही असा नियम असतो. पूर्वी सीमेच्या दोन बाजूंचे दोघे प्रेमात पडले, त्यांतल्या एकाने सीमा ओलांडली, पंख तुटला आणि तुटलेल्या पंखावर इलाज नसतो, एवढीच त्या नियमामागची हकिकत चित्रपटात काही वाक्यांत येते. ते दोघे म्हणजे पऱ्यांची राणी क्लॅरियन आणि हिवाळ्याचा अधिपती मिलोरी. मिलोरी पांढऱ्या घुबडाच्या पाठीवरून फिरतो, हा मला लहानपणी अधिपतीचा थाट वाटायचा. त्याला उडताच येत नाही, हे लक्षात यायला मला बरीच वर्षे लागली.

कादंबरी त्या काही वाक्यांच्या मागे जाते. क्लॅरियन अजून राणी झालेली नाही, राज्याभिषेक काही आठवड्यांवर आला आहे, हिवाळ्यातून संकट बाहेर पडले आहे, आणि त्याला तोंड देण्यासाठी तिला तरुण मिलोरीची मदत घ्यावी लागते. त्या संकटाचा, राक्षसांचा भाग मला दुय्यम वाटतो; माझे मन सीमेवरच्या भेटींतच अडकून राहते. कारण तिथे वाचकाला जे ठाऊक आहे ते त्या दोघांना ठाऊक नाही, आणि म्हणून सीमेच्या दिशेने कोणी एक पाऊल जरी टाकले, तरी आपल्याला तो पंख आठवतो. पुढे काय होणार ही उत्सुकता इथे नसतेच. तिच्या जागी, हे एवढे तरी त्यांना मिळावे, असे वाटत राहते आणि साध्या बोलण्यालाही वजन येते. शेवट अज्ञात असलेल्या प्रेमकथेत मला हे क्वचितच अनुभवायला मिळाले आहे.

क्लॅरियनबद्दलही सांगायला हवे. चित्रपटांत ती शांत, सोनेरी, सर्वांना समजून घेणारी राणी आहे, आणि लहान मुलाला तेवढे पुरते. मोठेपणी मात्र ही शांतता तिने कुठून आणली असेल, असा प्रश्न पडतो, आणि कादंबरीने तो प्रश्न मनापासून घेतला आहे.

पुस्तक संपवल्यावर मी चित्रपट पुन्हा पाहिला. सीमा का ओलांडायची नाही हे क्लॅरियन टिंकर बेलला समजावते, तेव्हा ती प्रेमात पडलेल्या त्या दोघांची नावे घेत नाही. लहानपणी हा प्रसंग मी कंटाळून पाहिला होता. या वेळी मी तो थांबवून पुन्हा लावला, आणि तिच्या चेहऱ्याकडेच पाहत राहिले.