जळगाव ते गडचिरोली, आविष्कारच्या पोरांसोबत

युथ फेस्टिव्हल म्हटलं की सगळ्यांना कळतं, नाच गाणी एकांकिका वगैरे. पण 'आविष्कार' म्हटलं की समोरचा विचारतो, हे काय असतं? तर आधी तेच सांगते. महाराष्ट्रातल्या राज्य सार्वजनिक विद्यापीठांचे कुलपती म्हणजे राज्यपाल, आणि त्यांच्या कार्यालयाच्या पुढाकाराने या सगळ्या विद्यापीठांच्या पोरांना एकत्र आणणारे तीन मोठे मेळावे चालतात. खेळांसाठी अश्वमेध, कलेसाठी इंद्रधनुष्य आणि संशोधनासाठी आविष्कार. आविष्कार २००६ मध्ये सुरू झाला. आधी कॉलेजात, मग जिल्ह्यात, मग विद्यापीठात निवड होते आणि तिथून जी पोरं वर येतात ती राज्याच्या फेरीला जातात. ज्या वर्षी ही राज्याची फेरी गडचिरोलीला, गोंडवाना विद्यापीठात होती त्या वर्षी आमच्या जळगावच्या विद्यापीठाच्या संघासोबत मी शिक्षक म्हणून गेले होते. त्या प्रवासाबद्दल लिहायचं खूप दिवस मनात होतं.

जळगावहून नागपूरपर्यंत विदर्भ एक्सप्रेस. ती मध्यरात्रीनंतर येते, त्यामुळे प्लॅटफॉर्मवर थंडीत शाली गुंडाळून बसलेली पोरं, आणि प्रत्येकाच्या हातात पीव्हीसी पाइपचं एकेक लांब नळकांडं. त्यात पोस्टर गुंडाळलेलं. बॅग वर टाकतील, डब्बा सीटखाली ठेवतील पण ते नळकांडं कोणी हातातून सोडत नव्हतं, एक जण तर ते मिठीत घेऊनच झोपला. बरोबरच आहे, सहा-आठ महिन्यांचं काम त्या एका कागदावर असतं आणि कोपरा दुमडला तरी जीव खालीवर होतो.

नागपूरला उतरून चहा-पोहे झाले आणि पुढे बस. गडचिरोली शहरात रेल्वे नाही, जिल्ह्यात स्टेशन म्हणजे वडसा, त्यामुळे आम्ही सरळ रस्ताच धरला. उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी असा साधारण पावणेदोनशे किलोमीटरचा रस्ता. उमरेडला कोळशाच्या खाणी, भिवापूरला मिरची, आणि नागभीडच्या पुढे धानाची कापून झालेली शेतं आणि मधेमधे तलाव, जे मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळात बांधलेले आहेत आणि लोक त्यांना मामा (माजी मालगुजारी) तलाव म्हणतात. आमच्या खानदेशातल्या पोरांना एवढे तलाव बघायची सवय नाही, ती खिडकीला नाक लावून बसलेली. ब्रह्मपुरी सोडल्यावर वैनगंगा लागते आणि नदी ओलांडली की गडचिरोली जिल्हा. पाणी शांत होतं आणि पात्र एवढं रुंद की बसमध्ये आपोआप सगळे गप्प झाले.

आरमोरीला एक आजोबा शेजारी येऊन बसले, त्यांनी नळकांड्याकडे बघून विचारलं, "हे काय हाय जी?" आमच्या रावेरकडच्या पोरीने त्यांना पूर्ण प्रोजेक्ट समजावून सांगितला. तिच्याबद्दलच मला जास्त लिहायचं आहे.

ती बीएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला. रावेर-यावल म्हणजे केळीचा पट्टा, तिच्या घरीही केळी. केळीच्या बागेत पील, म्हणजे बुंध्याशी फुटणारे जादा कोंब काढणाऱ्या बाया सांगतात की कपड्यावर केळीचा चीक पडला की तो डाग जन्मात जात नाही, धुवा नाहीतर घासा. हिने त्यावरून डोकं लावलं की जो चीक स्वतः असा पक्का बसतो तो दुसरा रंगही कापडावर पक्का बसवेल का? कापड रंगवताना रंग धरून ठेवायला तुरटी वापरतात, तसं तुरटीच्या जागी केळीच्या खोडाचा रस. घड काढल्यावर खोड बांधावर फेकलंच जातं, शेतकऱ्याला उलट ते हलवायला मजुरी द्यावी लागते. तिने पळसाची वाळलेली फुलं उकळून रंग काढला, सुती कापडाचे तुकडे केले, काही नुसतेच रंगवले, काही तुरटी लावून, काही केळीचा रस लावून, आणि मग धुणं धुणं आणि धुणं. ते तुकडे तिने पोस्टरसोबत एका वहीत चिकटवून आणले होते, प्रत्येकाखाली किती धुण्यांनंतरचा ते पेनने लिहिलेलं.

गडचिरोलीला पोचलो तेव्हा कॅम्पसवर नुसती जत्रा. मुंबई, पुणे, कोल्हापूर, सोलापूर, नांदेड, अमरावती, संभाजीनगर, राहुरी-अकोला-परभणी-दापोलीची कृषी विद्यापीठं, नाशिकचं आरोग्य विद्यापीठ, लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र, रामटेकचं संस्कृत विद्यापीठ, प्रत्येकाचे ट्रॅकसूट वेगळ्या रंगाचे. मुंबई विद्यापीठ १८५७ चं आणि ज्यांनी बोलावलं ते गोंडवाना २०११ चं. एका मांडवाखाली दोघांची पोरं एकमेकांना पिना आणि डबल टेप उसनी देत होती हे बघायला फार छान वाटलं.

आमच्या संघाला मदतीला जो स्वयंसेवक दिला होता तो भामरागडकडचा माडिया आदिवासी मुलगा. त्याने सांगितलं की पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की त्यांचा भाग तुटतो, दिवसच्या दिवस येणं-जाणं बंद. गोंडवाना व्हायच्या आधी चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे नागपूर विद्यापीठात होते, म्हणजे एखाद्या मार्कशीटच्या कामासाठी भामरागडच्या पोराला साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास जावं लागायचं. आता त्याच मुलाच्या विद्यापीठात अख्ख्या राज्यातली पोरं आली होती आणि तो सगळ्यांना रस्ता दाखवत होता. मला विचाराल तर यजमानपद असं फिरतं ठेवलं पाहिजे, दरवेळी मोठ्या शहरातच कशाला. आमच्यातली निम्मी पोरं आयुष्यात पहिल्यांदा नागपूरच्या पुढे आली होती.

पोस्टरची फेरी म्हणजे मोठ्या हॉलमध्ये रांगेने बोर्ड, प्रत्येकासमोर पोरगा नाहीतर पोरगी उभी, आणि परीक्षक एकेकापाशी थांबत येतात. सहा गट असतात, भाषा-मानव्यशास्त्र-ललितकला, वाणिज्य-व्यवस्थापन-विधी, मूलभूत विज्ञान, शेती-पशुसंवर्धन, अभियांत्रिकी-तंत्रज्ञान आणि वैद्यक-औषधनिर्माण, आणि प्रत्येकात पदवी, पदव्युत्तर आणि त्याच्या वरची पातळी वेगळी. शिक्षकांना जवळ थांबू देत नाहीत, मी लांबून खांबाला टेकून बघत होते. आमची पोरगी सकाळपासून नीट जेवली नव्हती.

परीक्षक आले, वयस्कर, चष्मा कपाळावर. त्यांनी पोस्टर वाचलंच नाही, सरळ ती वही उचलली. पानं उलटत राहिले, एक तुकडा खिडकीकडे नेऊन उजेडात धरला, अंगठ्याने चोळला आणि अंगठा बघितला. मग विचारलं, तुरटीपेक्षा चांगलं आहे का हे? ती म्हणाली, "नाही सर. तुरटीच्या जवळ जातंय पण चांगलं नाही. रंग पण थोडा तपकिरी होतो. पण हे बांधावर फुकट पडलेलं असतं." मग त्यांनी विचारलं रस किती दिवस टिकतो, ती म्हणाली दुसऱ्या दिवशी काळा पडतो आणि वास मारतो, म्हणून पहाटे खोड कापून लगेच वापरायचा. मग प्रश्नावर प्रश्न, कोणत्या महिन्यात कापलं, पाणी कुठलं, विहिरीचं की बोअरचं, क्षार किती. पाण्याच्या प्रश्नाला तिने "ते तपासलं नाही सर" असं स्पष्ट सांगितलं आणि त्यांनी मान हलवून कागदावर काहीतरी लिहिलं. बराच वेळ चाललं हे, पुढच्या बोर्डावरची मुलं ताटकळली होती.

त्या वेळी माझ्या मनात जे आलं ते असं की या पोरीशी आजपर्यंत इतक्या गंभीरपणे, एवढ्या बारकाईने कोणी बोललंच नसेल. आपण कौतुक म्हणजे शाल श्रीफळ आणि टाळ्या समजतो, पण तिचं काम हातात घेऊन, उजेडात धरून बघणारा माणूस भेटणं हे माझ्या मते त्याहून खूप मोठं कौतुक आहे, आणि सार्वजनिक विद्यापीठात ते तालुक्याच्या कॉलेजातल्या पोरीलाही मिळतं.

मधल्या वेळात मी सगळा हॉल फिरले. परभणीवाल्यांचं ज्वारीवर काम होतं, दापोलीवाल्यांचं आंब्यावर, रामटेकची एक मुलगी जुन्या हस्तलिखितांबद्दल इतकं रंगून सांगत होती की शेजारच्या गटातली इंजिनिअरिंगची मुलं तिच्यापाशी येऊन उभी राहिली होती. हे पोस्टर बघत फिरणं ज्यांना जमेल त्यांनी नक्की करा, आविष्कार जवळपास असेल तेव्हा जाऊन बघा, आपल्या राज्यातल्या पोरांना काय काय प्रश्न पडतात ते एका हॉलमध्ये कळतं.

पोस्टरमधून निवडलेल्यांना दुसऱ्या फेरीत स्टेजवरून प्रेझेंटेशन द्यायचं असतं. यादी लागली तेव्हा आमच्या विद्यापीठाच्या बऱ्याच जणांची नावं होती आणि तिचंही होतं. ती चांगली बोलली, मधे एकदा अडखळली, पाणी प्यायली, पुढे बोलली.

निकालाच्या आधी थोडा मोकळा वेळ होता म्हणून आम्ही धानोऱ्याच्या रस्त्याने मेंढा-लेखाला जाऊन आलो. हे गाव ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, वनहक्क कायदा २००६ चा, आणि त्याखाली २००९ मध्ये साधारण १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारं हे देशातलं अगदी सुरुवातीचं गाव. २०११ पासून इथली ग्रामसभा आपला बांबू स्वतः विकते. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा इथलीच. पण मला पोरांना दाखवायचा होता तो इथला अभ्यासगट. गावातली माणसं एकत्र बसतात, जंगल कायदा मधमाश्या जे काही असेल त्याचा अभ्यास करतात, बाहेरचं कोणी जाणकार असेल तर बोलावतात, आणि निर्णय मात्र ग्रामसभेत सगळ्यांच्या सहमतीने होतो. यातल्या कित्येकांकडे डिग्री नाही आणि अभ्यास मात्र पक्का.

तिथे एका दादांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि पोरांना एकेक करून विचारलं काय काम केलं. रावेरच्या पोरीने चिकाचं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "ज्या बायांनी तुले हे सांगतलं, त्यायले दाखवलं का?" ती गप्प. मग हळूच म्हणाली, नाही दाखवलं. परतताना गाडीत बाकीची गाणी म्हणत होती आणि ही वही मांडीवर घेऊन बाहेर बघत होती.

समारोपाला मांडव गच्च भरलेला. नावं पुकारली जात होती आणि प्रत्येक नावाला त्या त्या रंगाचे ट्रॅकसूट उसळत होते, ढोल, शिट्ट्या, घोषणा. आमच्या दोघांना पदकं मिळाली, ती दोघं धावत स्टेजवर गेली आणि आम्ही इकडे ओरडून घसा बसवून घेतला. तिला पदक नाही मिळालं. रडली थोडी, मग विजेत्यांसोबत फोटोत सगळ्यात पुढे उभी राहिली. मला एकच वाटतं, समारोपात पदकाच्या वेळी नुसतं नाव आणि विद्यापीठ पुकारतात, त्याऐवजी काम काय केलं ते एका वाक्यात सांगितलं तर किती बरं होईल. पेपरमध्येही दुसऱ्या दिवशी सर्वसाधारण विजेतेपद कोणाला एवढंच येतं. ज्याने कामासाठी रात्री जागवल्या त्याचं काम कोणालाच कळत नाही, हे मला मनापासून खटकतं.

परत आल्यावर कॉलेजच्या गेटवर फ्लेक्स लागणार होता, फक्त पदकवाल्याचा. मी प्राचार्यांकडे जाऊन म्हटलं की राज्यापर्यंत पोचलेल्या आपल्या सगळ्या पोरांचे फोटो लावा आणि फोटोखाली विषय लिहा. सर लगेच हो म्हणाले. पहिल्या वर्षाची मुलं तिथे थांबून विषय वाचायला लागली, त्यातली काही जण आमच्या डिपार्टमेंटला येऊन विचारून गेली की आम्हाला भाग घ्यायचा असेल तर काय करायचं.

आणि त्या पोरीने पुढच्याच आठवड्यात मला तिच्या गावी बोलावलं. मारुतीच्या ओट्यावर तिने पोस्टर भिंतीला टेकवून ठेवलं आणि वही बायांच्या हातात दिली. तुकडे या हातातून त्या हातात फिरले, कोणी ओढून बघितले, कोणी लुगड्याच्या डागाशी लावून बघितले. एक मावशी म्हणाल्या, "तू घड कापल्यावरचं खोड घेतलं ना बाई? निसवायच्या, घड बाहेर पडायच्या आधीच्या खोडाचा चीक जास्त चिवट असतो, तो घेऊन बघ." दुसरीचं म्हणणं पडलं की तसं काही नाही, उन्हाळ्यातला चीकच जास्त चिवट. दोघींचा वाद लागला. पोरीने पेन काढलं आणि वहीच्या मागच्या पानावर दोघींचं म्हणणं लिहून घेतलं, खाली तारीख टाकली आणि मला विचारलं, "मॅडम, एमएस्सीला गेल्यावर हे दोन्ही तपासता येईल ना?"