सहा मैलांवरचा नाताळ

जहाजावरचा सेकंड ऑफिसर म्हणजे रस्ता आखणारा माणूस. माल कुठून कुठे न्यायचा ते चार्टरर, म्हणजे जहाज भाड्याने घेणारा, ठरवतो. पण कोणत्या सामुद्रधुनीतून जायचं, कोणत्या बेटापासून किती अंतर राखायचं, कुठे वळायचं, ती रेघ मी मारतो आणि कॅप्टन तिच्यावर सही करतो. डिसेंबर २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट हेडलंडला लोहखनिज भरत असताना मी उत्तर चीनपर्यंतची रेघ मारली: लोंबोक, मकासार, सिबुतु पॅसेज, सुलू समुद्र आणि मग मिंडोरो बेटाच्या पश्चिमेने वर. नेहमीचीच वाट. वेळेचा हिशोब मांडला तेव्हा मात्र पेन्सिल थांबली. मिंडोरो आणि अपो रीफ यांच्यामधून जाणारा अपो ईस्ट पॅस आम्ही २४ डिसेंबरच्या मध्यरात्री ओलांडणार होतो. त्या वाटेवर उजव्या हाताला साब्लायान लागतं. आमचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, साब्लायानचा.

आमच्याकडे अधिकारी बहुतेक भारतीय. बोसन, चीफ कुक, फिटर, एबी (अनुभवी खलाशी), ओएस (नवखा खलाशी) सगळे फिलिपिनो. त्यांचा करार साधारण नऊ महिन्यांचा असतो. बोसनचे अकरा महिने उलटले होते, चीफ कुकचेही. २००६ च्या मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शनप्रमाणे वर्ष पूर्ण व्हायच्या आत खलाशाला घरी पाठवावंच लागतं. व्यवहारात ही मर्यादा अकरा महिन्यांची धरतात. त्या डिसेंबरात करोनामुळे जगभरात जवळपास ४ लाख खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकले होते. १ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने ठराव केला, की खलाशांना अत्यावश्यक कामगार मानावं आणि त्यांची अदलाबदल होऊ द्यावी. कॅप्टनने त्या बातमीची प्रत काढून मेसरूमच्या, म्हणजे जेवणाच्या खोलीतल्या, फळ्यावर लावली. बोसनने ती उभ्याउभ्याच वाचली आणि मला विचारलं, "सेकंड सर, ह्यात तारीख कुठे लिहिलीय?"

तारीख कुठेच नव्हती. सप्टेंबरात पोर्ट हेडलंडजवळ एका जहाजावर मनिलाहून आलेल्या खलाशांत करोना सापडला होता, तेव्हापासून तिथे माणसं बदलणं फार अवघड झालं होतं. चीनच्या बंदरांत परदेशी खलाशांना उतरणं जवळपास अशक्य होतं. आमच्या वाटेवर मनिला होतं. अपो ईस्ट पॅसपासून मनिलाच्या उपसागराचं तोंड आठ-नऊ तासांवर. मनिलाला क्रू चेंज चालूही होता: चाचणी झालेली माणसं लाँचने, म्हणजे छोट्या बोटीने, यायची, करार संपलेली त्याच लाँचने जायची. पण काही चार्टरर तेव्हा करारात सरळ कलमच घालत होते, की माल जहाजावर असेपर्यंत क्रू बदलायचा नाही. जहाज वाट वाकडी करून थांबणार, वेळ जाणार; नवी माणसं घेतली म्हणून पुढच्या बंदरात विलगीकरणात ठेवलं तर आणखी दिवस जाणार. आमच्याही करारात ते कलम होतं. कॅप्टनने कंपनीला दोनदा लिहिलं. उत्तर आलं, की पुढच्या प्रवासात बघू.

हे वाचणाऱ्याला कदाचित वाटेल, समुद्रावरच्या माणसाला सण घराबाहेर काढायची सवय असते. असते ना. माझ्या कित्येक दिवाळ्या जहाजावर गेल्या आहेत आणि त्याचं मला फार दुःख नाही, कारण तो सौदा मी समजून केला होता. पण त्या सौद्याच्या दुसऱ्या टोकाला साइन-ऑफची, म्हणजे जहाजावरून उतरून घरी जायची, तारीख असते. ती तारीख भिंतीवर लिहिलेली असली की माणूस काहीही सहन करतो. त्या वर्षी लोकांचा सण गेला त्याहून जास्त, त्यांची तारीख गेली होती.

लोंबोक ओलांडल्यावर ओएस पोरगा माझ्याकडे जुने चार्ट मागायला आला. रद्द झालेले कागदी चार्ट मी बाजूला काढून ठेवतो. त्याला पारोल करायचा होता. पारोल म्हणजे फिलिपिनो घरांवर नाताळात टांगतात तो चांदणीच्या आकाराचा कंदील. आपल्या आकाशकंदिलासारखाच, आत दिवा, बाहेर रंगीत कागद. त्यांच्याकडे सप्टेंबर लागला की नाताळाचे वेध लागतात. फिटरने वेल्डिंगच्या सळ्यांचा सांगाडा करून दिला, त्यावर चार्टचा जाड कागद ताणून बसवला, रंग डेकच्या स्टोअरमधला. तो मेसरूममध्येच टांगला, कारण बाहेर दिवा लावायची सोय नव्हती. पुढे सिबुतु पॅसेज होता. तिथे २०१६ पासून जहाजांवरून खलाशी पळवून नेल्याचे प्रकार झाले होते, त्यामुळे अंधार पडला की डेकवरचे दिवे बंद, दारं आतून बंद, पहाऱ्यावर जास्तीचा माणूस आणि आगीचे होज बाजूला लटकवलेले. सुलू समुद्र आम्ही तसाच पार केला.

त्या दिवसांत बातम्या आणखी बिघडल्या. ब्रिटनमध्ये विषाणूचा नवा प्रकार सापडला होता. भारताने २२ तारखेच्या रात्रीपासून ब्रिटनची विमानं बंद केली, फिलिपिन्सने २४ पासून. आम्ही भारतीय अधिकारी आणखी एका गोष्टीने धास्तावलो होतो. आम्ही निघालो होतो त्याच बोहाय समुद्रात, जिंगतांगच्या बाहेर, 'जग आनंद' हे जहाज २३ भारतीय खलाशांना घेऊन जूनपासून नांगर टाकून उभं होतं. ऑस्ट्रेलियाचा कोळसा उतरवायला परवानगी नाही आणि माणसांनाही उतरायला परवानगी नाही. आमचा माल कोळसा नव्हता, लोहखनिज होतं, हे एकमेकांना सांगून आम्ही धीर द्यायचो.

२३ तारखेला मी चार्ट घेऊन कॅप्टनकडे गेलो. माझी रेघ पॅसच्या साधारण मधून जात होती, किनाऱ्यापासून नऊ मैलांवरून. मी म्हटलं, "सर, ही तीन मैल उजवीकडे घेऊ या का? पाणी खोल आहे. ईशान्येचा वारा आहे, बेटाच्या आडोशाला समुद्रही शांत मिळेल." कॅप्टन गोव्याचे, स्वतः कॅथलिक, घरी बायको आणि दोन मुली. त्यांनी चार्ट बराच वेळ पाहिला. "आणि सिग्नलही मिळेल," ते म्हणाले. मी काही बोललो नाही. "सहा मैलांच्या आत जायचं नाही. होड्या असतात. थर्ड ऑफिसरलाही ब्रिजवर घे. आणि हे बघ सेकंड, माणसांना आत्ताच सांगून ठेव, म्हणजे फोन चार्ज करतील."

ती रेघ खोडून नवी मारताना मला जितकं बरं वाटलं, तितकं त्या अख्ख्या करारात कशानेच वाटलं नव्हतं. वाट कुणाचीच वाकडी होत नव्हती, इंधन वाढत नव्हतं. एवढंच माझ्या हातात होतं.

बोसनला सांगायला मी खाली गेलो तेव्हा तो विंडलासला, म्हणजे नांगर ओढायच्या यंत्राला, ग्रीस लावत होता. साब्लायानसमोरून किती वाजता, किती अंतरावरून जाणार, ते सांगितलं. त्याने हात पुसले, पुन्हा एकदा वेळ विचारून घेतली आणि कामाला लागला. संध्याकाळी मात्र सॅटेलाइटच्या इंटरनेटवर त्याने घरी कळवलं. आम्हाला त्या इंटरनेटचे महिन्याला मोजकेच एमबी मिळायचे. लिहिलेला निरोप जाई, चेहरा दिसत नसे.

२४ च्या संध्याकाळी मेसरूममध्ये सगळे जमले. कॅप्टनने बायबलमधला जन्माचा उतारा वाचला. चीफ कुकने सकाळपासून राबून पान्सित (फिलिपिनो नूडल्स), भाजलेलं डुक्कर आणि फळांचं सॅलड केलं होतं, आणि आम्हा दोघा शाकाहाऱ्यांसाठी वेगळं. चीफ कुकचे वडील ऑगस्टमध्ये करोनाने गेले. बातमी सॅटेलाइट फोनवर आली तेव्हा जहाज हिंदी महासागराच्या मध्यावर होतं. दुसऱ्या दिवशी साडेसातला नाश्ता टेबलावर होता. कॅप्टनने त्याला सुट्टी घ्यायला सांगितलं, तर तो म्हणाला, केबिनमध्ये बसून काय करू? त्या संध्याकाळी सगळ्यांना वाढून झाल्यावर तो बसला, आणि बाजूला एक ताट वाढून तसंच ठेवलं. कुणी विचारलं नाही.

माझी वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, बारा ते चार. पावणेबाराला वर आलो तेव्हा मिंडोरोचा डोंगर काळा उभा होता आणि त्याच्या पायथ्याशी दिव्यांची तुटक ओळ. एरवी ह्या पट्ट्यात मासेमारी करणाऱ्या बांका होड्यांचे मिणमिणते दिवे चुकवत जावं लागतं. त्या रात्री रडारवर जेमतेम दोन-तीन. माणसं घरी गेली होती.

वॉचवर फोन वापरायचा नाही हा नियम मी त्या रात्रीही मोडू दिला नाही, आणि त्याची गरजही पडली नाही. थर्ड ऑफिसर आणि कॅडेट पहाऱ्याला उभे राहिले, मी रडारवर, आणि माझा एबी थोड्या वेळासाठी खाली गेला. बाकी सगळे पोर्ट-स्टारबोर्ड न बघता एकाच बाजूला, उजव्या कठड्याला. साडेबाराच्या आधीच खालून पहिला आवाज आला, "मेरॉन! सिग्नल मेरॉन!" म्हणजे, आहे, सिग्नल आहे! मग एकेक फोन पेटत गेला. ब्रिजच्या विंगवरून, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीबाहेरच्या सज्जावरून, मला खाली अंधारात बारा-पंधरा उजळलेले चेहरे दिसत होते. कुणी हसत होतं, कुणी पडद्यावर आपल्या घरचं केक कापणं बघत होतं. ओएस पोरगा मोठमोठ्याने गात होता, बहुधा धाकट्या भावंडांबरोबर. चीफ कुक सगळ्यांपासून लांब, लाइफबोटजवळ उभा राहून आईशी बोलत होता. तो बोलत होता असं म्हणतोय खरं, पण बराच वेळ दोघंही नुसती एकमेकांकडे बघत होती.

बोसनला कॅप्टनने ब्रिजवर बोलावून घेतलं आणि दुर्बीण दिली. त्याने मला एकेक दिवा ओळखून दाखवला: तो लाल दिवा टॉवरचा, तिथे धक्का, त्याच्या डावीकडे काळोख आहे ना, तिथे नारळाची झाडं, आणि त्यामागे आमचं घर. त्याची बायको आणि दोन्ही मुलगे किनाऱ्यावर येऊन उभे होते. फोनवरून धाकटा सारखा विचारत होता, तुझं जहाज कुठलं? त्यांना समुद्रावर दोन-तीन दिवे दिसत होते, त्यातला बाप कुठला ते कळत नव्हतं.

मी कॅप्टनकडे पाहिलं. त्यांनी आधी रडार पाहिलं, मग मला म्हणाले, "आल्डिस काढ."

आल्डिस म्हणजे सिग्नल द्यायचा हातातला दिवा, प्रखर झोताचा. आसपास दुसरं जहाज नव्हतं, कुणाचा गैरसमज व्हायची शक्यता नव्हती. दिवा मी बोसनच्याच हातात दिला. त्याने किनाऱ्याच्या त्या काळ्या पट्ट्यावर रोखून तीन लांब झोत टाकले. क्षणभर काही नाही. मग स्पीकरवर ठेवलेल्या फोनमधून एकदम आरडाओरडा, दोन्ही पोरांचा एकाच वेळी, आणि मागून बाईचा रडका-हसरा आवाज. त्यांना आम्ही दिसलो होतो. आम्हाला ते दिसत नव्हते. त्यांनी तिकडून टॉर्च हलवला म्हणे, पण सहा मैलांवरून तो काही कळला नाही. बोसनने पुन्हा तीन झोत टाकले, आणि पुन्हा. पोरं दर वेळी तितकीच ओरडली. कॅप्टन तोंड फिरवून चार्ट टेबलाकडे गेले आणि लागत नसलेली एक पोझिशन काढत बसले.

माझ्या फोनला तिथलं सिम नव्हतं, त्यामुळे मी कुणाशी बोललो नाही. पण आईचा आवाज ऐकावासा वाटला, फार वाटला.

दोनच्या सुमाराला दिवे मागे पडले. फोन अडखळू लागले, चेहरे गोठू लागले. लोक वाक्य अर्धवट तुटायच्या आधीच निरोप घेऊ लागले. एबी वर आला, "लुकआउट रिलीव्ह्ड, सर," म्हणाला आणि जागेवर उभा राहिला. बोसनने दुर्बीण पुसून खोक्यात ठेवली. चार वाजता चीफ ऑफिसरला वॉच देताना आम्ही उत्तरेकडे चाललो होतो, आणि मनिलाच्या तोंडासमोरून जहाज सकाळी उजेडात गेलं. ते मात्र कुणी कठड्याला येऊन पाहिलं नाही.

त्याच दिवशी कॅप्टनने तिसरं पत्र लिहिलं. ह्या वेळी अकरा महिने उलटलेल्या नऊ जणांची यादी जोडली, प्रत्येकाच्या नावापुढे करार संपल्याची तारीख घातली, आणि शेवटी लिहिलं, की माल उतरल्यावर ही माणसं घरी गेल्याशिवाय मी पुढच्या लोडिंगला जहाज नेणार नाही. नोकरीवर आलं असतं. त्यांना ते ठाऊक होतं.

चीनमध्ये नांगरावर थांबून थांबून अखेर माल उतरला आणि परतीला जहाज रिकामं निघालं. रिकाम्या जहाजाला ते कलम लागू नव्हतं. मनिलाला नांगर टाकला, सकाळी लाँच आली. बोसनने नव्या बोसनला डेकभर फिरवून कुठला मूरिंग रोप बदलायला झालाय, कुठला व्हॉल्व्ह अडकतो ते सगळं दाखवलं, मगच बॅग उचलली. किनाऱ्यावर त्यांच्यासाठी चाचणी आणि हॉटेलातलं विलगीकरण अजून बाकी होतंच.

लॉगबुकात नोंद मी केली: नऊ उतरले, नऊ चढले. नांगर टाकल्यापासून उचलेपर्यंत साडेपाच तास लागले.