एनएफएलचा नकाशा: ३२ बिंदू बसले, पण रंग काही पटेनात

मंडळी, एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग, तिच्या नकाशाचा पायाचा लेयर एकदाचा उरकला. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये राज्यांच्या सीमा घेतल्या. प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची पद्धत) अल्बर्सचं ठेवलं, कारण मर्केटरच्या पद्धतीत मोंटाना आणि नॉर्थ डाकोटा उगाच फुगतात आणि तिथे तर एकही टीम नाही. त्यावर ३२ बिंदू बसवले. बिंदू टीमच्या नावातल्या शहरावर न ठेवता प्रत्यक्ष स्टेडियमवर ठेवलेत. एवढ्या एका निर्णयानं पुढचं काम दुप्पट झालं, पण गंमतही त्यातच आहे.

आधी हिशोब. ३२ टीम २३ राज्यांत आहेत, म्हणजे निम्म्याहून जास्त राज्यं कोरी. कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडात तीन-तीन. टेक्सास, ओहायो, पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड आणि न्यू जर्सीत दोन-दोन. उरलेल्या १६ राज्यांत एकेक. न्यू यॉर्क त्या एकेकवाल्यांत मोडतं हे वाचून काहीजण थबकतील. जायंट्स १९७६ पासून आणि जेट्स १९८४ पासून हडसन नदीपलीकडे, न्यू जर्सीतल्या ईस्ट रदरफर्डला खेळतात. न्यू यॉर्क राज्याच्या हद्दीत खेळणारी टीम एकच, बफेलो बिल्स, आणि तीही पार दुसऱ्या टोकाला, ऑर्चर्ड पार्कमध्ये.

पहिला रंगीत नकाशा ‘राज्यात किती टीम’ असा केला होता. दिसायला झकास, सांगायला काहीच नाही. कॅलिफोर्निया गडद, वायोमिंग पांढरं, हे कुणालाही न बघता कळतं. म्हणून दुसरा लेयर केला: २०२० च्या जनगणनेनुसार एका टीममागे किती लोक. इथे चित्र पालटलं. टेक्साससारख्या फुटबॉलवेड्या राज्यात एका टीममागे जवळपास १.४६ कोटी लोक येतात. विस्कॉन्सिनमध्ये ५९ लाख, लुइझियानात ४७ लाख आणि नेवाडात फक्त ३१ लाख. टीम असलेल्या राज्यांत नेवाडा सगळ्यांत कमी वस्तीचं. उलट, ८६ लाखांच्या व्हर्जिनियाला टीमच नाही. टीम नसलेल्या राज्यांत लोकसंख्येनं तेच सर्वांत मोठं. मजा म्हणजे वॉशिंग्टन कमांडर्सचं मुख्यालय आणि सरावाचं मैदान व्हर्जिनियातच आहे, अ‍ॅशबर्नला, जिथे आपली बरीच मराठी मंडळी आयटीत आहेत. खेळाडू आठवडाभर व्हर्जिनियात घाम गाळतात आणि सामन्याला मेरीलँडमधल्या लँडोव्हरला जातात. नावात मात्र तिसरंच, वॉशिंग्टन.

या लेयरमध्ये सगळ्यांत वाईट दिसतो तो हडसनचा काठ. न्यू यॉर्क राज्य २.०२ कोटी लोकांमागे एक टीम म्हणून अख्ख्या नकाशात सर्वांत गडद, आणि त्याला चिकटलेलं न्यू जर्सी ४६ लाखांमागे एक म्हणून फिकट. मॅनहॅटनमधला माणूस बोगद्यातून पलीकडे जाऊन मॅच बघतो, आणि माझा नकाशा सांगतो की बिचाऱ्याची उपासमार चालली आहे! झूम करून पाहिलं तर स्टेडियमचा बिंदू राज्याच्या सीमेला जवळजवळ टेकलेला. लेबल कुठे टाकायचं हाही प्रश्नच. दोन्ही टीमचं स्टेडियम एकच, त्यामुळे बिंदूवर बिंदू बसतो. शेवटी एकाच वर्तुळाचे दोन अर्धे केले, डावा निळा आणि उजवा हिरवा, आणि लेबलं अटलांटिकमध्ये ढकलून बारीक रेघेनं जोडली. लॉस एंजेलिसजवळच्या इंगलवुडला एकाच स्टेडियमवर खेळणाऱ्या रॅम्स आणि चार्जर्ससाठी हीच युक्ती चालली. तिथे पॅसिफिक मोकळा होता.

मग सीमेलगतच्या बाकीच्या जागा तपासत बसलो. शार्लट नॉर्थ कॅरोलायनात असलं तरी साउथ कॅरोलायनाची हद्द अगदी जवळ. तिथल्या टीमचं नाव नुसतं ‘कॅरोलायना’, म्हणजे दोन्ही राज्यांवर हक्क. १९९५ चा पहिला हंगाम तर त्यांनी साउथ कॅरोलायनात, क्लेमसनच्या कॉलेज स्टेडियमवर काढला, कारण स्वतःचं मैदान तयार नव्हतं. पेट्रियट्स ‘न्यू इंग्लंड’ म्हणून सहा राज्यांचं नाव लावतात. खेळतात मॅसॅच्युसेट्समध्ये, फॉक्सबरोला, बॉस्टन आणि प्रॉव्हिडन्सच्या मधोमध. माझ्या तक्त्यात मात्र प्रॉव्हिडन्स ज्या राज्यात आहे त्या ऱ्होड आयलंडपुढे शून्य.

आता कॅन्सस सिटी. शहर दोन राज्यांत पसरलेलं, आणि मधून जाणाऱ्या एका रस्त्याचं नावच स्टेट लाइन रोड: एका बाजूला मिसूरी, दुसऱ्या बाजूला कॅन्सस. तिथल्या चीफ्स टीमचं अ‍ॅरोहेड स्टेडियम १९७२ पासून मिसूरीच्या बाजूला, जॅक्सन काउंटीत आहे. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या मतदारांनी स्टेडियमसाठीचा विक्रीकर पुढे चालू ठेवायला नकार दिला. दोनच महिन्यांत कॅन्ससच्या विधिमंडळानं रोख्यांची मोठी योजना मंजूर करून गळ टाकला. डिसेंबर २०२५ मध्ये चीफ्सनी जाहीर केलं की २०३१ पासून ते कॅन्ससमध्ये. चाहते तेच, शहर तेच, फक्त कर कुठे भरायचा ते बदललं. माझ्या नकाशात मात्र एक आख्खं राज्य रंगणार आणि एक कोरं पडणार. कमांडर्सही २०३० च्या सुमारास राजधानीत, जुन्या आरएफके स्टेडियमच्या जागी परतायच्या बेतात आहेत. ती जागा कुठल्याच राज्यात येत नाही. दोन्ही बेत पार पडले तर राज्यं २३ च राहतील, पण त्यांच्यातल्या टीमची बेरीज ३१ भरेल.

माझं मत आता पक्कं झालंय: राज्य हे या विषयाचं मापच नव्हे. टीम कुठे बसते हे दोन गोष्टी ठरवतात, शहराभोवतालची टीव्हीची बाजारपेठ आणि स्टेडियमला पैसे द्यायला तयार असलेलं सरकार. लास व्हेगसनं हॉटेलच्या खोल्यांवरच्या करातून ७५ कोटी डॉलर उभे केले आणि २०२० मध्ये रेडर्स ओकलंडहून तिकडे गेले. सेंट लुईसनं तर दोनदा हात पोळून घेतले. कार्डिनल्स १९८८ मध्ये अ‍ॅरिझोनाला गेले, मग १९९५ मध्ये रॅम्स आणले, तेही २०१६ मध्ये लॉस एंजेलिसला परत. २०२१ मध्ये खटल्यातल्या तडजोडीचे ७९ कोटी डॉलर पदरात पडले, टीम नाही.

मग विस्कॉन्सिनमधल्या लाखभर वस्तीच्या ग्रीन बेमध्ये पॅकर्स कसे टिकले, असं कुणीतरी विचारणारच. एक तर टीमचे मालक म्हणजे गावातले आणि बाहेरचे पाच लाखांहून जास्त भागधारक. त्यामुळे उचलून नेणारा कुणी एक मालक नाही. दुसरं, १९६१ च्या क्रीडा प्रसारण कायद्यामुळे लीगला सगळ्या टीमचे टीव्हीहक्क एकत्र विकता आले, आणि राष्ट्रीय करारांचा तो पैसा समान वाटला जातो. न्यू यॉर्कची बाजारपेठ केवढी आणि ग्रीन बेची केवढी, पण वाटा तेवढाच. नकाशावरचा हा एक बिंदू मी मुद्दाम मोठा केलाय. पक्षपात म्हणा हवं तर.

सध्या हात आहे तो १९२० च्या लेयरवर. ओहायोतल्या कँटनला, एका मोटारींच्या शोरूममध्ये बैठक होऊन लीग सुरू झाली. त्या पहिल्या हंगामातल्या १४ टीम फक्त पाच राज्यांत होत्या: ओहायोत पाच, इलिनॉयमध्ये चार, इंडियाना आणि न्यू यॉर्कमध्ये दोन-दोन, मिशिगनमध्ये एक. सगळा पसारा ग्रेट लेक्सच्या आसपास. अ‍ॅक्रन, डेटन, मन्सी, रॉक आयलंड अशी गिरण्या-कारखान्यांची गावं. त्या १४ पैकी आज दोनच हयात आहेत, कार्डिनल्स आणि बेअर्स, आणि दोघंही तेव्हाच्या गावात नाहीत. पॅसिफिकच्या काठी पहिला बिंदू पडायला १९४६ उजाडावं लागलं, रॅम्स क्लीव्हलँड सोडून लॉस एंजेलिसला गेले तेव्हा. दक्षिणेतल्या अटलांटा, मायामी, न्यू ऑर्लिन्सला तर १९६६-६७ पर्यंत वाट पाहावी लागली.

स्थलांतरांचे बाण वक्र काढतोय, सरळ रेघा एकमेकींवर चढतात म्हणून. रेडर्सचे ओकलंड, लॉस एंजेलिस, परत ओकलंड आणि मग लास व्हेगस असे तीन बाण एवढ्याशा जागेत कोंबताना दमछाक झाली. कॅलिफोर्नियाचा वेगळा इनसेट, म्हणजे कोपऱ्यातल्या चौकटीत मोठा करून दाखवलेला भाग, काढावाच लागणार. राज्यांऐवजी महानगर क्षेत्रांच्या सीमा घेऊन नवा रंगीत लेयरही करायचाय. जनगणना खात्याची फाइल उतरवून ठेवली आहे, पण तिच्यात शेकडो बहुभुज आहेत आणि माझा लॅपटॉप म्हातारा. कुणी ते भूमिती न बिघडवता हलके केले असतील तर कुठली सेटिंग वापरली ते सांगा. ए-थ्री कागदावर चाचणी प्रिंट त्यानंतरच काढेन.