दोन रात्रींची क्रूझ: ३८ तासांचा हिशेब

तिकिटावर छापलं होतं, ‘३ दिवस, २ रात्री’. शुक्रवारी दुपारी चारला जहाज सुटलं आणि रविवारी सकाळी सहाला पुन्हा त्याच धक्क्याला लागलं. मोजून ३८ तास. त्यातले पंधरा झोपेत गेले (निदान मी झोपले होते), चारेक तास रांगांमध्ये, आणि उरलेल्यात जे काय पदरात पडलं ते खाली लिहिते आहे. जाऊन आल्याचा पश्चात्ताप नाही. पण मी ज्या अपेक्षेने गेले होते ती भलतीच होती, आणि कोणी आधी सांगितलं असतं तर आणखी मजा आली असती.

आम्ही तिघं होतो: मी, नवरा आणि सासूबाई, वय ७१. हौस मुळात त्यांचीच. ‘एकदा तरी पाण्यावर झोपायचंय गं,’ असं गेली दोन वर्षं चाललं होतं.

पहिली चूक चेक-इनच्या वेळेची. ऑनलाइन चेक-इन करताना बंदरावर पोचायची वेळ निवडावी लागते. मी दोनची घेतली, म्हटलं जहाज चारला सुटणार, उगाच लवकर जाऊन काय करायचं? वर गेलो तर साडेअकराच्या वेळेची मंडळी जेवून, पोहून आडवी झालेली. केबिन दुपारपर्यंत मिळत नाही, पण बुफे, स्विमिंग पूल, डेक सगळं पहिला प्रवासी चढल्यापासून उघडं असतं. आठवड्याच्या क्रूझवर हे अडीच तास गेले तर कोणी विचारत नाही. ३८ तासांत ते फार झाले. चेक-इन खुलं होईल त्याच दिवशी बसून सगळ्यात आधीची वेळ पकडा.

धक्क्यावर मोठ्या बॅगा काढून घेतात आणि त्या केबिनच्या दारात संध्याकाळी उगवतात. आमच्या सातला आल्या. त्यामुळे पोहायचे कपडे, औषधं, चार्जर, पासपोर्ट हे सगळं खांद्यावरच्या पिशवीत. एक बॅग मात्र आलीच नाही. नवऱ्याने हौसेने एक्स्टेंशन बोर्ड भरला होता, सर्ज प्रोटेक्शनवाला. जहाजाच्या विजेच्या जोडणीवर तसल्या बोर्डामुळे आगीचा धोका असतो, म्हणून तो चालत नाही. इस्त्री आणि केटलीचंही तेच. तळमजल्यावर जप्तीच्या खोलीत जाऊन, शाळकरी पोरासारखी मान खाली घालून बॅग सोडवून आणावी लागली. त्यापेक्षा चारपाच लोहचुंबकाचे हुक न्या. केबिनच्या भिंती बहुधा पोलादी असतात, हुक पटकन चिकटतात, आणि एवढ्याशा खोलीत ओले कपडे टांगायला दुसरी जागाच नसते.

जहाज सुटायच्या आधी मस्टर ड्रिल असते, म्हणजे संकटात कुठे जमायचं याची तालीम. आता बऱ्याच जहाजांवर फोनवर किंवा केबिनमधल्या टीव्हीवर व्हिडिओ बघायचा आणि आपल्या नेमून दिलेल्या जागी जाऊन हजेरी लावायची, एवढंच असतं. कंटाळा करू नका. १३ जानेवारी २०१२ला इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ ही क्रूझ बोट खडकावर आपटली आणि ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची ड्रिल तोवर झालेलीच नव्हती, कारण तेव्हाच्या नियमाप्रमाणे २४ तासांच्या आत झाली तरी चालत होतं. आता जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी ती घ्यावीच लागते. हा बदल १ जानेवारी २०१५पासून लागू झाला. सात छोटे भोंगे आणि एक लांब म्हणजे धोक्याचा इशारा, एवढं लक्षात ठेवा. सासूबाईंनी ते बोटांवर मोजून पाठ केलं.

संध्याकाळी कॅसिनो आणि दुकानांना कुलूप बघून लोक चिडचिड करत होते. बहुतेक ठिकाणी जहाज किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, बाहेर गेल्याशिवाय ती उघडत नाहीत. फोनचंही बघा: किनारा सुटताच जहाजावरचं उपग्रहाचं मोबाइल नेटवर्क तो आपोआप पकडतो आणि बिल डोळे पांढरे करणारं येतं. पाय ठेवल्याबरोबर विमान मोड लावून टाकायचा. वाय-फाय आम्ही घेतलं नाही, काही बिघडलं नाही.

आता केबिन. मी नकाशा न बघता स्वस्तातली घेतली आणि ती निघाली पूल डेकच्या बरोब्बर खाली. रात्री दोनपर्यंत डोक्यावर गाणी, पहाटे पाचला खुर्च्या ओढल्याचा आवाज. शनिवार-रविवारच्या फेरीला मित्रांचे कळप असतात, त्यांना झोपायचंच नसतं. त्यांचंही बरोबर आहे, तेही दोनच रात्रींसाठी आलेत. केबिन निवडताना डेकचा नकाशा उघडा आणि वरच्या व खालच्या दोन्ही मजल्यांवर केबिनच आहेत ना ते बघा. ज्यांना गाडी लागते त्यांना बोटही लागते, त्यांनी जहाजाच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरची खोली घ्यावी. मोठ्या जहाजाला पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात, ते डुलणं बरंच थोपवतात. पण नाक वरखाली होतं ते त्यांना आवरत नाही, आणि पुढच्या टोकाला तेच जास्त जाणवतं. गोळी डॉक्टरांना विचारून, त्रास सुरू व्हायच्या आत घ्यायची. नवऱ्याने मळमळायला लागल्यावर घेतली. मग त्याला उघड्या डेकवर आणून क्षितिजाकडे बघत बसवलं. आत बसलं की डोळे सांगतात खोली स्थिर आहे, कान सांगतात हलतेय, आणि भांडण पोटावर निघतं.

शनिवारी सकाळी एका छोट्या बेटावर उतरायचं होतं. तिथे धक्का नाही, लहान बोटीने जावं लागतं. साडेसातला कप्तानाचा आवाज आला: लाटा मोठ्या आहेत, उतरणं रद्द. झालं! एकच थांबा होता, तोही गेला. पैसे? बंदराचं शुल्क तेवढं खात्यात परत आलं, बाकी शून्य. करारात तसं लिहिलेलंच असतं, फक्त वाचत कोणी नाही. सात दिवसांच्या फेरीत एक थांबा गेला तर चार उरतात. इथे सगळी सहलच त्या एका पानावर लावलेली असते. म्हणून गाव बघायला म्हणून ही क्रूझ घेऊच नका, आणि लहान बोटीने उतरायचं असेल तर मुळीच नाही.

मग दिवसभर सगळं जहाज स्विमिंग पूलभोवती. पाण्यापेक्षा माणसं जास्त. मी वैतागून खाली आले तर सासूबाई कुठे सापडेनात. अर्ध्या तासाने दिसल्या: खालच्या डेकवर, बाहेरच्या बाजूला, लाइफबोटींच्या सावलीत, एका बाकावर एकट्या. तिथे कोणी फिरकत नव्हतं. जहाजाला कुठे पोचायची घाईच नव्हती, त्यामुळे ते अगदी रमत-गमत चाललं होतं, इंजिनाची घरघरही जेमतेम. खाली पाणी कापल्याचा एकसुरी आवाज. ‘बस इथे, बोलू नकोस,’ म्हणाल्या. आम्ही चार तास बसलो. मधे एकदा पाण्यातून काहीतरी चकाकत उडालं, मासा की नुसता तुषार, त्यावर वाद घातला. या फेरीचे सगळे पैसे माझ्या लेखी त्या बाकावर वसूल झाले. प्रत्येक जहाजावर अशी जागा असतेच असं नाही, पण पहिल्याच संध्याकाळी एक चक्कर मारून शोधा.

खर्चाबद्दल एवढंच, की कमी रात्री म्हणजे स्वस्त असं वाटतं ते फसवं आहे. बंदरापर्यंतचा प्रवास, पार्किंग, विमा हे दोन रात्रींना पडतं तेवढंच सात रात्रींना. ड्रिंक पॅकेज साधारणपणे पूर्ण सफरीचंच घ्यावं लागतं. त्यात पहिला दिवस अर्धा आणि शेवटचा दिवस सकाळच्या चहापुरता. सुट्टं घेतलेलं परवडतं. टिप रोजच्या हिशेबाने आपोआप खात्यात चढते, ती तिकिटाच्या आकड्यात धरून मगच तुलना करा.

पूर्वी छोट्या फेऱ्यांना जुनी जहाजं लावायचे. आता तसं राहिलेलं नाही: २०२४मध्ये आलेलं ‘यूटोपिया ऑफ द सीज’ पहिल्यापासूनच तीन-चार रात्रींच्या फेऱ्यांवर आहे. त्याचं ग्रॉस टनेज सुमारे २ लाख ३६ हजार. टायटॅनिकचं होतं ४६,३२८. (हे वजन नव्हे बरं का, बंद जागेच्या घनफळावरून काढलेला आकडा.) एवढ्या जहाजावर दोन रात्रींत लिफ्ट कुठली ते कळेपर्यंत घरी जायची वेळ होते. माझं मत लहान जहाजाला.

आणि शक्य असेल तर तीन रात्री. एकच रात्र वाढते, पण अख्खे दिवस एकाचे दोन होतात. दोन रात्रींची त्यांनीच घ्यावी ज्यांचं घर बंदरापासून गाडीने दोनतीन तासांवर आहे आणि ज्यांना आपल्याला समुद्र मानवतो का एवढंच बघायचंय. विमानाने येऊन दोन रात्रींची क्रूझ घेणं म्हणजे मुंडावळ्या बांधून साखरपुड्याला जाणं.

हात साबणानेच धुवा. नुसत्या सॅनिटायझरला उलट्या-जुलाब करणारा नोरोव्हायरस दाद देत नाही, आणि बुफेचे चमचे शेकडो हातांतून फिरतात.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात, त्या सकाळी धक्क्यावरच भेटतात. स्वतःची बॅग स्वतः ओढत नेली तर सगळ्यात आधी उतरू देतात, त्यामुळे छोट्या फेरीला सामान तेवढंच न्यावं. केबिन आठच्या सुमारास सोडावी लागते. सकाळचे कपडे आणि चपला बाहेर ठेवायला विसरू नका. सासूबाईंनी सगळं नीट घडी करून भरलं होतं, चपलांसकट. रविवारी सकाळी त्या जहाजावरून उतरल्या त्या केबिनमधल्या पांढऱ्या कापडी सपाता घालून, आणि अधिकाऱ्याने पायांकडे बघितल्यावर त्यांनी त्याच्याकडे असं काही बघितलं की त्याने पासपोर्ट न उघडताच परत दिला.