पिझो पर्जन्यमापक: कडेचा थेंब सुटला, टायटनचा अडला

कडेच्या थेंबाचं कोडं अखेर सुटलं! माझ्या घरगुती पर्जन्यमापकात स्टीलच्या झाकणाखाली पिझो चकती चिकटवलेली आहे; थेंब आपटला की दाबामुळे ती विजेचा झटका देते, त्यावरून थेंब मोजायचा. तोच थेंब मधोमध पडला की ऑसिलोस्कोपवर (विजेचा आलेख दाखवणाऱ्या पडद्यावर) ठसठशीत टोक, कडेला पडला की त्याच्या निम्मंही नाही, हे मागे लिहिलंच होतं. तीन आठवडे यातच गेले. एपॉक्सी बदललं, झाकण बदललं, चकत्या बदलल्या. (चकत्या पुण्याच्या तपकीर गल्लीतूनच घ्या, हातात घेऊन पारखता येतात. ऑनलाइन मागवलेल्या दहांपैकी चारांचं सोल्डर सुटलेलं होतं.)

दोष स्टीलच्या झाकणाचा. पातळ पत्रा जागेनुसार कमीजास्त वाकतो. जॉस आणि वाल्डफोगेल या संशोधकांनी पावसाचे थेंब मोजणाऱ्या १९६७ च्या यंत्रात थर्माकोलचा शंकू उगाच नाही वापरला. मीही दाट थर्माकोल कोरून शंकू केला आणि त्याचं निमुळतं टोक चकतीवर टेकवलं. भाच्याने चौथ्या मजल्यावरून, जिन्याच्या मधल्या पोकळीतून, सलाइनच्या नळीने थेंब सोडले. एका मिलिलिटरचे २० थेंब, म्हणजे प्रत्येकी ०.०५ ग्रॅम. बारा मीटरांत ते जवळजवळ पूर्ण वेग गाठतात. मध्य आणि कड यांत आता पाच टक्क्यांचाच फरक! त्या रात्री शंभर थेंब मोजले, थांबवेना.

मग आपल्या नेहमीच्या प्रश्नाकडे वळलो: हेच यंत्र टायटनवर, म्हणजे शनीच्या चंद्रावर, काय दाखवेल? तिथे पाऊस मिथेनचा, हवा दाट, गुरुत्व आपल्या सातव्या हिश्शाएवढं. थेंब साडेनऊ मिलिमीटरपर्यंत वाढतो आणि सेकंदाला जेमतेम १.६ मीटरने उतरतो. धक्का म्हणजे वस्तुमान गुणिले वेग; वस्तुमान ०.२ ग्रॅम धरलं तर हा गुणाकार ०.३२. आपल्या वळवाचा चार मिलिमीटरचा टपोरा थेंब ०.०३३ ग्रॅमचा, वेग ८.८, गुणाकार ०.२९. दोघांचा धक्का जवळपास सारखा! हा आकडा मी तीनदा पडताळला.

पण हे लिहितानाच एक गोष्ट खटकली. आपला थेंब अर्ध्या मिलिसेकंदात आपटून संपतो, टायटनचा सहा मिलिसेकंद घेतो. धक्का तेवढाच, पण तेरापट वेळात पसरलेला. माझं सर्किट फक्त टोक पकडतं, म्हणजे टायटनची जोरदार सर त्याला पुण्याची श्रावणातली भुरभुर वाटेल. टोक नव्हे, आलेखाखालचं क्षेत्रफळ मोजायला हवं.

तेव्हा यंत्र गच्चीवर बसवणं लांबलं, आधी कोड बदलतो. १४ जानेवारी २००५ ला टायटनवर उतरलेल्या हायगेन्स यानाच्या तळाशीही जमीन चाचपणारी पिझोचीच टोचणी होती, त्यामुळे वाट योग्य आहे याची खात्री वाटते. चाचणीसाठी कुंडीत घालतात ते पाण्याने फुगणारे जेलीचे मणी, ०.२ ग्रॅमचे निवडून, १३ सेंटीमीटरवरून सोडायचे. तेवढ्या उंचीवरून वेग बरोबर १.६ येतो. मणी आज रात्रीच भिजत घातलेत.